पहिली परसबाग: मुरमाड जागेत भाजीपाला आणि फळझाडं

अजिंक्यतारा | ४ मे

नमस्कार मंडळी. साताऱ्यात घर बांधून झालं आणि घराच्या पूर्वेला साधारण २० बाय ३० फुटांची जागा मोकळी उरली आहे. लांबी दक्षिणोत्तर. सकाळपासून दुपारी दीड-दोनपर्यंत स्वच्छ ऊन, नंतर घराची सावली. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. रोजच्या भाजीतली निम्मी तरी घरची असावी आणि मुलांना झाडावरचा पेरू तोडून खाता यावा, एवढी इच्छा आहे.

जागा म्हणजे सध्या नुसता मुरूम. पाया खणताना निघाला तो तिथेच पसरला, त्यावर विटांचे तुकडे आणि सिमेंटचे खवले. पाऊस यायला महिना आहे. रोपवाटिकेत गेले तर टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी, आंबा, चिकू, नारळ असं सगळंच घ्या म्हणाले. अजून काही घेतलेलं नाही.

बाहेरून माती आणायची की आहे तीच सुधारायची? सुरुवात कशाने करावी? फळझाडं किती मावतील? आणि गच्चीवर मातीचे वाफे करता येतील का? जाणकारांनी सांगावं.

काळीआई | ४ मे

ताई, काही न घेता परत आलात ते बरं केलंत. मे महिना मातीच्या कामाचा. माती जमली की पुढचं निम्मं काम आपोआप होतं, आणि ती जमली नाही तर बाकी सगळा खर्च वाया.

आधी राडारोडा वेचून बाहेर काढा, सिमेंटचे खवले तर शक्य तितके सगळे. सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते, मग मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतात. लिंबावर हे फार लवकर दिसतं आणि नुसत्या शेणखताने सुधारत नाही.

मग निचरा बघा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत गेलं तर उत्तम. सकाळपर्यंत तसंच उभं राहिलं तर खाली कातळ किंवा दाबलेला थर आहे, तिथे वाफे जमिनीच्या चांगले वर उचलूनच करावे लागतील.

सगळी जागा एकदम हाती घेऊ नका. चार फूट रुंद, दहा फूट लांब असे दोन वाफे या वर्षी पुरे. चार फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. फूटभर मुरूम काढा, तळ टिकावाने मोकळा करा. मग दोन भाग गाळाची माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग कुजका पाला असं मिसळून भरा. वाफा जमिनीपासून सहा इंच तरी वर येऊ द्या, पहिल्या पावसात तो खाली बसतोच. काढलेला मुरूम मधल्या वाटेवर टाका, चिखल होत नाही.

शेणखत घेताना हातात घेऊन बघा. कुजलेलं खत काळपट, भुसभुशीत असतं आणि त्याला शेणाचा वास येत नाही. ढेकळं फोडून पाहा. आत अर्धगोल वळलेली, मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची जाड अळी सापडली तर ती बहुधा हुमणी. ती मुळं खाते आणि रोप का वाळलं ते शेवटपर्यंत कळत नाही. असं खत आधी उन्हात पातळ पसरायचं, साळुंक्या आणि कावळे अळ्या वेचून खातात. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुलिंबावर आणि बाभळीवर येतात. जवळपास झाड असेल तर फांद्या हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे.

गच्चीवाला_पुणे | ५ मे

काळीआईंशी सहमत, फक्त महिनाभर नुसती माती उलथत बसलं तर घरच्यांचा उत्साह जातो. सावलीच्या बाजूला आजच कढीपत्ता, पुदिना आणि अळू कुंड्यांत लावून टाका. पुदिना कुंडीतच ठेवा, वाफ्यात सोडला तर सगळीकडे पसरतो.

आणि ओल्या कचऱ्याचं खत आजपासून सुरू करा. एक थर स्वयंपाकघरातला कचरा, त्यावर दुप्पट जाडीचा वाळका पाला किंवा रसवंतीवरची वाळलेली चिपाडं. वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, पाला वाढवायचा. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर प्रयोग परिवारातून, म्हणजे प्रयोगशील शेतकऱ्यांच्या जाळ्यातून, वर्षानुवर्षं हेच सांगत राहिले की अंगणात पडणारं ऊन आणि आपल्याच आवारातला काडीकचरा हे भांडवल आहे. आपण पाला जाळतो आणि खत विकत आणतो, हे थांबलं पाहिजे.

स्थापत्य | ५ मे

गच्चीच्या प्रश्नाबद्दल. मी बांधकामातला माणूस आहे, म्हणून हे नीट लिहितो. ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरतात. ओली माती घनमीटरला १,६०० ते १,८०० किलो भरते. फूटभर जाडीचा मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला ५०० किलोंच्या आसपास. घराचं संकल्पन करतानाच हा भार धरला नसेल तर गच्चीवर सरसकट मातीचे वाफे करू नका. तुळईच्या रेषेवर, भिंतींच्या कडेने मोजक्या कुंड्या, त्यांतही कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत घालून हलकं केलेलं मिश्रण, आणि कुंड्यांखाली विटा म्हणजे पाणी साचणार नाही. मोठे पिंप वगैरे ठेवायचे असतील तर ज्यांनी नकाशा केला त्यांना आधी विचारा. तुमच्याकडे खाली जमीन आहे, मी तर गच्चीवर फक्त मिरची-कोथिंबीर ठेवीन.

वैदर्भी | ६ मे

नागपूरहून. टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची आत्ता अजिबात नको. आमच्याकडचा उन्हाळा तुमच्यापेक्षा कडक, पण नियम तोच. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उकाड्याची असली की टोमॅटोला फूल येतं आणि तसंच गळून जातं. शिवाय उन्हाळ्यात पांढरी माशी बोकड्या पसरवते, पानं गोळा होऊन झाड खुंटतं. टोमॅटोचं बी सप्टेंबरात टाका, दसऱ्याच्या आसपास रोपं वाफ्यात लावा.

पहिल्या वर्षी ऋतूच्या विरुद्ध काही करू नये असं माझं ठाम मत आहे. दुकानात बारा महिने रोप मिळतं, याचा अर्थ ते बारा महिने लावायचं असतं असा नाही.

पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, मिरची, वांगी आणि सगळे वेल. पाच माणसांना भेंडीची २५-३० झाडं तरी हवीत. चार-पाच झाडांवर एका वेळची भाजी कधीच निघत नाही, आणि मग लोक म्हणतात घरच्या बागेत काही होत नाही. वेल मात्र थोडेच. एक दुधी, दोन दोडके, दोन कारली एवढ्यात शेजारीही खातील.

शिराळी | ६ मे

मी गुहागरची. वेलांसाठी मांडव आत्ताच उभा करून ठेवा हो, पावसात खड्डे घेणं नको होतं. उंची साडेसहा फूट, म्हणजे खालून माणूस वाकल्याशिवाय जाईल आणि फळ लोंबलं तरी डोक्याला लागणार नाही. बांबू जमिनीत दीड-दोन फूट हवेत. ओला वेल, वर पावसाचं पाणी आणि वारा, सगळं मिळून फार वजन होतं, तकलादू मांडव श्रावणात खाली बसतो. आमच्याकडे पडवळाच्या कोवळ्या फळाला टोकाशी दगड बांधतात, ते सरळ वाढतं. मांडवाखाली उन्हाची तिरीप येते तिथे अळू आणि आलं छान होतं.

मेथी-कोथिंबिरीचं बी मात्र जुलैत टाकू नका, पावसाच्या माऱ्याने झोपते आणि कुजते. त्या दिवसांत माठ, तांदुळजा, अंबाडी.

अजिंक्यतारा | २१ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. खड्ड्यातलं पाणी उत्तरेच्या बाजूला लवकर जिरलं, दक्षिणेच्या कोपऱ्यात मात्र सकाळपर्यंत उभं होतं. तिथे वाफा दीड फूट उंच करून विटांची कड लावली. गाळाची माती आणि शेणखत आलं. खतात हुमणी निघाली, मुलांनी उन्हात पसरलेल्या खतातून वेचून काढली. मांडव उभा आहे.

आता फळझाडांचं सांगा. आंबा, पेरू, लिंबू, पपई, डाळिंब सगळंच मनात आहे.

काळीआई | २१ मे

आंबा सोडा. पाच-सात वर्षांत तो सगळ्या भाज्यांवर सावली धरेल. झाडं उत्तरेच्या टोकाला लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, झाडं उत्तरेला असली की त्यांची सावली भाजीच्या वाफ्यांवर येत नाही. दोन कोपऱ्यांत एक पेरू आणि एक लिंबू, कुंपणाच्या आणि घराच्या भिंतीपासून पाच फूट आत. बागेत यांना २० फुटांचं अंतर देतात, तुम्हाला दरवर्षी छाटणी करून ती आटोक्यात ठेवावी लागतील. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे आत्ताच घेऊन उन्हात तापू द्या.

पेरूचं कलमच घ्या, बीपासूनचं रोप नको. सरदार ही जात घरासाठी छान, ती पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात निवडलेली, लखनौ ४९ म्हणूनही मिळते. कलमाला पहिल्या वर्षी आलेली फुलं तोडायची. पुढे एक गोष्ट लक्षात ठेवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या पेरूचं फळ पावसाळ्यात तयार होतं आणि त्यात फळमाशीच्या अळ्या हमखास निघतात. घरी ती फुलं काढून टाकावीत आणि मृगाच्या बहराची, म्हणजे जून-जुलैतली धरावीत. हिवाळ्यात येणारा पेरू गोड आणि स्वच्छ असतो.

कागदी लिंबाचं बीपासूनचं रोप चालतं, ते बहुतेक आईच्याच गुणाचं निघतं. फक्त फळाला चार-पाच वर्षं थांबावं लागतं. राहुरी कृषी विद्यापीठाची साई सरबती मिळाली तर बघा, तिच्यावर खैऱ्या (पानाफळांवर खरबरीत डाग पाडणारा रोग) कमी येतो.

बीजांकुर | २२ मे

पपईबद्दल भर घालतो. खाल्लेल्या पपईचं बी लावलं तर काही झाडं नर निघू शकतात, लांब देठांवर फुलांचे झुबके येतात आणि फळ धरत नाही. हे कळेपर्यंत पाच-सहा महिने जातात. मादी आणि उभयलिंगी झाडं देणाऱ्या जातीची रोपं घ्या, तैवान ७८६ त्यांपैकी एक. पपईला बुंध्याशी साचलेलं पाणी एक-दोन दिवसही सोसत नाही, मूळ कुजून उभं झाड आडवं होतं. म्हणून उंचवट्यावर लावा. दक्षिणेच्या त्या कोपऱ्यात तर नकोच.

आणि तुम्ही सातारच्या आहात म्हणून आग्रहाने सांगतो, एका वाफ्यात अर्ध्या जागेत वाघ्या घेवडा लावा. कोरेगाव तालुक्याचा, भौगोलिक मानांकन मिळालेला. जूनमध्ये पेरला की अडीच महिन्यांत दाणे. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. शेंगा काढल्यावर झाडं उपटू नका, बुडाशी कापा, मुळं मातीतच राहू द्या.

हिरवागार | ११ जुलै

एव्हाना पेरण्या झाल्या असतील म्हणून सांगतो. पावसाळ्यात मावा आणि तुडतुडे (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) येणारच. कृषी सेवा केंद्रातून एखादं आंतरप्रवाही कीटकनाशक आणा आणि पंधरा दिवसांनी एक फवारा मारत राहा, बाकी भानगडी नकोत.

काळीआई | ११ जुलै

याला माझा स्पष्ट विरोध आहे. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात जातं, म्हणजे भेंडीतही आणि फुलातल्या मधातही. प्रत्येक औषधावर फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. भेंडी दर दोन-तीन दिवसांनी तोडावी लागते, तो काळ घरात पाळला जात नाही. मुलं कुंपणाशी उभी राहून कच्ची भेंडी खातात. शेतकऱ्याचा नाइलाज आपण समजू शकतो, पण २० बाय ३० फुटांत तसली कुठलीच सक्ती नाही.

पानाच्या खालच्या बाजूला मावा दिसला की पाण्याचा जोरदार फवारा मारून धुवा. दोन दिवसांनी पुन्हा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा साबणाचा द्रव, नीट फेसाळून, ऊन उतरल्यावर. भुरीला, म्हणजे पानांवर पांढरी पूड बसते त्या रोगाला, आंबट ताक पाण्यात पातळ करून फवारा. आणि लाल पाठीवर काळे ठिपके असलेले बारीक भुंगे दिसले तर आठवडाभर काहीच करू नका, ते मावाच खातात.

इंद्रायणी | १२ जुलै

काळीआईंना +१. कुणी जीवामृताचं, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताचं, प्रमाण विचारलं होतं. घरगुती मापाने १० लिटर पाणी, अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी वापरायला घ्यायचं आणि आठवड्यात संपवायचं. फक्त याला शेणखताचा पर्याय समजू नका. माती उपाशी असेल तर नुसतं जीवामृत घालून भागत नाही.

अजिंक्यतारा | १९ ऑगस्ट

भेंडी, गवार, घेवडा उत्तम. वांग्यालाही फुलं आली. अडचण दुधीची आहे. वेल मांडवभर पसरलाय, फुलं भरपूर, लहान दुधी धरतात, पण अंगठ्याएवढे झाले की पिवळे पडून गळतात. खत कमी पडतंय का? सासूबाई म्हणतात पाऊस जास्त झाला.

शिराळी | १९ ऑगस्ट

खत नको घालू गं, नाहीतर नुसती पानंच वाढतील. तो दुधी धरलेलाच नाही. मादी फुलाच्या मागे लहान दुधी जन्मतःच असतो, पराग मिळाला तरच तो वाढतो, नाहीतर पिवळा पडतो. नर फुलाच्या मागे नुसता लांब सरळ देठ.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी कोमेजतं. त्याच्याकडे येतात ते रात्रीचे पतंग. संध्याकाळी पावसाची झड लागली की ते येत नाहीत, म्हणजे सासूबाईंचं म्हणणं बरोबरच आहे. दिवेलागणीला मांडवाखाली जा. नुकतं उमललेलं नर फूल देठासकट तोड, पाकळ्या मागे दुमड आणि मधला पिवळा परागदांडा मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरव. तिथे तीन जाड, मखमली, जरा चिकट भाग दिसतील, त्या तिन्हींना पिवळी पूड लागली पाहिजे. बोटाला पूड लागत नसेल तर ते नर फूल शिळं किंवा भिजलेलं, दुसरं घे. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. पाऊस असेल तर नंतर मादी फुलावर कागदाची टोपी ठेव. तीन-चार दिवसांत कळतं, देठ जाड होतो आणि फळ खाली झुकतं.

दोडक्याची फुलंही उतरत्या दुपारी, संध्याकाळी उमलतात. कारलं, काकडी आणि लाल भोपळा सकाळी. ते काम मधमाश्या करतात, म्हणून वर काळीआई औषधाला नको म्हणाल्या ते लक्षात ठेव.

बीजांकुर | २० ऑगस्ट

गळणाऱ्या फळावर डिंकाचा थेंब किंवा बारीक टोचा दिसतो का तेही पाहा. फळ कापल्यावर आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. त्यावर गंध सापळा (वासाच्या आमिषाने माशी पकडणारा) लावतात, पण दुकानात नीट विचारून घ्या. वेलवर्गीय फळांच्या माशीला क्यू ल्यूर लागतं, पेरू-आंब्याच्या माशीला मिथाईल युजेनॉल. दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा आंब्यापेरूसाठी. चुकीचं आमिष लावलं तर सापळा रिकामा राहतो आणि लोक सापळ्यालाच नावं ठेवतात. गळलेली फळं खतात टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा.

अजिंक्यतारा | २ सप्टेंबर

शिराळीताई, फळं धरली! संध्याकाळी आता मुलं हातात नर फुलं घेऊन मांडवाखाली असतात. पाच दुधी वाढतायत. फळमाशीचा टोचा कारल्यावर दिसला, क्यू ल्यूर लावलं. वाघ्या घेवड्याची उसळ झाली, बियाण्यासाठी चांगल्या शेंगा वेगळ्या ठेवल्या.

वैदर्भी | ३ सप्टेंबर

छानच. आता टोमॅटो, फ्लॉवर, कोबीचं बी टाकायची वेळ. चार आठवड्यांत रोपं लावणीला येतात. टोमॅटो लावताना रोप पहिल्या पानापर्यंत खोल पुरा, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. काठी लावणीच्याच दिवशी रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात. खालची मातीला टेकणारी पानं काढत राहा, करपा तिथूनच चढतो.

मेथी-पालक एकदम सगळा वाफा भरून पेरू नका. दर पंधरा दिवसांनी दोन-दोन ओळी टाका, म्हणजे थंडीभर ताजी मिळेल. धणे पेरण्याआधी हलके रगडून दोन फाका करा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर वरचा थर सुकू द्यायचा नाही. रिकाम्या जागेत मुळा, गाजर, मटार.

सातारकरांना आणखी एक सुख आहे. ऑक्टोबरात महाबळेश्वर-पाचगणीकडून स्ट्रॉबेरीची रोपं मिळतात. रोपाचा गाभा मातीच्या पातळीला ठेवायचा, वर मुळं उघडी पडली तर रोप सुकतं, खाली पुरला तर कुजतं.

अजिंक्यतारा | २८ जानेवारी

मटार, मेथी, पालक, गाजर सगळं झालं. बाजारातून आता कांदा-बटाटा आणि क्वचित एखादी भाजी येते. स्ट्रॉबेरी मुलांच्या हातून घरापर्यंत पोहोचत नाही. पेरूच्या कलमाला नवी फूट चांगली आहे. पपई सहा फुटांवर गेली, फळं बुंध्यालगत धरली आहेत, म्हणजे झाड कामाचं निघालं.

दोन प्रश्न. टोमॅटोचं बी धरू का? आणि उन्हाळ्यात वाफे रिकामे ठेवायचे का?

बीजांकुर | २८ जानेवारी

टोमॅटोचं बी पाकिटावर संकरित किंवा एफ-१ लिहिलेलं असेल तर धरू नका, पुढची झाडं सारखी निघत नाहीत. घेवडा, वाल, चवळी यांचं जरूर धरा, त्यांचं परागीभवन बहुतेक फुलाच्या आतच होतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वालघेवड्याचं आणि भाज्यांचं बियाणं असंच घरोघरच्या परसबागांतून जपलं, त्यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला. निरोगी झाडावरच्या मधल्या शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या, सावलीत आणखी सुकवायच्या. दाताखाली दाणा कडक लागला की चाळलेल्या राखेत घोळून काचेच्या बरणीत. बरणीवर जात आणि महिना लिहा.

काळीआई | २९ जानेवारी

एक वाफा चालू ठेवा, एकाला विश्रांती. चालू वाफ्यात फेब्रुवारीतच भेंडी, गवार, काकडी आणि तांदुळजा, वर चार बोटं वाळक्या पाल्याचं आच्छादन. पाणी सकाळी, मुळाशी, एक दिवसाआड पण खोलवर. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि एप्रिलात झाड मान टाकतं. विश्रांतीच्या वाफ्यात ताग पेरा, फुलावर येण्याआधी कापून मातीत मिसळा. लिंबाचं आळं बुंध्यापासून दूर सरकवा, पाणी थेट खोडाला लागलं की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो.

शिराळी | २९ जानेवारी

वाघ्या घेवड्याचं थोडं बी मला देशील का? माझ्याकडे तवशाचं (मोठ्या काकडीचं), लाल माठाचं आणि पांढऱ्या पडवळाचं गावठी बी आहे. कागदाच्या पुडीतच घाल, प्लास्टिकमध्ये घाम धरतं.

अजिंक्यतारा | ३० जानेवारी

नक्की, पत्ता खासगी निरोपात कळवा. घेवड्याच्या पुड्या आणखी दहा-बारा जणांना पुरतील, ज्यांना हव्यात त्यांनी इथे नाव लिहा. तुमच्याकडे पाऊस किती आणि जमीन कशी तेही लिहा. घेवड्याला पाणी साचलेलं चालत नाही, आमच्या दक्षिणेच्या कोपऱ्यातली ओळ उगवली ती फक्त उंच वाफ्यात.